म्हसळा वाटेत लागत नाही

पनवेलला राहणाऱ्या माणसाला प्रवासाचे किस्से गोळा करायला घराबाहेर पडावं लागत नाही. किस्सेच बेल वाजवून आत येतात. कोकणात जाणारे, पुण्याला निघालेले, गोव्याहून परतणारे, सगळ्या नातेवाइकांना बरोबर नवीन पनवेलपाशीच चहाची तल्लफ येते. "पाचच मिनिटं हं, आम्ही उतरत नाही," असं फोनवर सांगतात आणि आख्खी गाडी उतरते! मग काय विसरलं, कोणाला उलटी झाली, कोण कोणाशी बोलत नाहीये, हे सगळं आमच्या हॉलमध्ये ओतून ते पुढे जातात.

पण दुसऱ्यांचे किस्से हवेतच कशाला? आमच्याच घरचे इतके साठलेत! मला धक्का बसायला फार काही लागत नाही, असं माझा नवरा म्हणतो. मी "अय्या!" म्हटलं की तो अजून दचकतो. पण आमच्या घरच्या प्रवासांबद्दल जो ऐकतो तोच हादरतो, त्याला मी काय करू?

आधी माणसं सांगते. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत पीटीचे मास्तर होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण आवाज अजून मैदानावरचाच. आई, सुमन. माझा दादा. आणि मी, मनीषा, घरात मनी. शिवाय एक माणूस असं, जे आमच्याबरोबर कधीच नसायचं पण प्रत्येक ट्रिपमध्ये त्याचं नाव निघायचंच. ती म्हणजे आईची मोठी बहीण, अक्का. ती म्हसळ्याला असते.

गाडी पळस्पे फाटा ओलांडून शिरढोणच्या पुढे आली की आई विचारायची, "जाता जाता अक्काकडे डोकावू या का हो?"

आणि आप्पा समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायचे, "म्हसळा वाटेत लागत नाही."

महाबळेश्वरला चाललो असलो तरी नाही, गणपतीपुळ्याला चाललो असलो तरी नाही. माणगावला उजवीकडे वळलं की तासाभरात म्हसळा. पण वळायचं कोणी? आई "बरं" म्हणायची आणि डब्याची पिशवी मांडीवर नीट करून घ्यायची.

* * *

आमच्या लहानपणी ट्रिप म्हणजे हिरामणमामांची ट्रॅक्स. हिरामणमामा रोडपालीचे. तेव्हा रोडपाली हे गाव होतं. आता तिथे मोठमोठ्या सोसायट्या आहेत आणि हिरामणमामांच्या नातवाकडे माझ्यापेक्षा मोठी गाडी आहे. तर त्या ट्रॅक्समध्ये आम्ही चौघं, काका-काकू, त्यांची पोरं, शेजारचं एक अख्खं कुटुंब, एक स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप! आणि पुढे, ड्रायव्हरशेजारी, गळ्यात शिटी घालून आप्पा.

हो, शिटी! एक शिटी म्हणजे बसा, दोन म्हणजे उतरा. आणि मधे थांबायचं नाही, हा नियम. "लय तुटते," म्हणायचे. कसली लय? ट्रॅक्सची?

एकदा पेणच्या पुढे मला मळमळायला लागलं. आईने लिंबू हुंगायला दिलं, आवळासुपारी दिली, काही उपयोग नाही. आई म्हणाली, "अहो, पोरीला होतंय." आप्पा म्हणाले, "पुढच्या गावाला बघू. मने, खोल श्वास घे. एक, दोन! एक, दोन!"

मी पुढच्या सीटला धरून एक-दोन, एक-दोन करतेय तेवढ्यात हिरामणमामांनी करकचून ब्रेक मारला. आप्पा उसळलेच. "कोणाला विचारून थांबवलीत?"

हिरामणमामा शांतपणे म्हणाले, "मास्तर, ब्रेक गाडीला हाय, पोरीच्या पोटाला नाय!"

आख्खी ट्रॅक्स गार! आप्पांशी असं बोलायची हिंमत शाळेतल्या हेडमास्तरांचीसुद्धा नव्हती. आई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. आप्पा मला ओरडायला मागे वळले, आणि नेमकं तेव्हाच झालं. सगळं त्यांच्या शिटीवर!

ती शिटी त्यांनी टाकली नाही हो. धुतली आणि पुढे कितीतरी वर्षं शाळेत वापरली. कवायतीच्या तासाला ती वाजली की मला कसंतरीच व्हायचं.

* * *

आता पुढचं सांगू की नको असं होतंय, कारण हल्ली कोणीही ऐकलं तरी आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतं. आम्ही मुलं टपावर बसायचो. ट्रॅक्सच्या टपावर, कॅरिअरवर, बांधलेल्या वळकट्यांवर! आणि गाडी चालू! घाटात!

आप्पा खालून सूचना द्यायचे. "वळण आलं! आतल्या बाजूला झुका! दोरी सोडू नका!" आणि आई खिडकीत बसलेल्या काकूच्या अंगावरून हात बाहेर काढून आम्हाला वर केळी द्यायची. दादा पालथा पडून ती घ्यायचा. "सालं खाली टाकू नका, मागच्या गाडीवर पडतील," एवढीच काय ती सेफ्टी.

हे मी माझ्या मुलीला, इराला, सांगितलं. ती सातवीत आहे. गाडी पार्किंगमधून बाहेर काढायच्या आधी बेल्ट लावते आणि मी नाही लावला तर मला भाषण देते. सगळं ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "आई, आजोबांना पोलिसांनी पकडलं नाही?"

मी म्हटलं, "एकदा घाटाच्या तोंडाशी एका हवालदाराने अडवलं होतं ना. त्याने वर बघितलं, आम्हाला बघितलं आणि आप्पांना म्हणाला, 'मास्तर, ते बारकं पोरगं कडेला बसलंय, त्याला मधे घ्या. वाऱ्याने सर्दी होईल.'"

"यू गाइज आर नॉट नॉर्मल!" इरा किंचाळली.

जरा वेळाने म्हणाली, "आणि आजी कुठे बसायची?"

"मागच्या सीटवर. मधे."

"नेहमी? तिला कधीच खिडकी नाही मिळाली?"

अगंबाई! मी विचार केला, आठवून पाहिलं. नाही मिळाली. आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडलाच नव्हता!

* * *

आता दादाचा किस्सा. हिरामणमामा रस्ता विचारायला कधी थांबले नाहीत, कारण त्यांना रस्ते माहीत होते. दादाही थांबत नाही, कारण त्याच्याकडे मोबाइल आहे. मोबाइलमधली ती बाई सांगेल ते ब्रह्मवाक्य! वहिनी म्हणते, "माझं एक तरी इतकं ऐकलं असतंस!"

एका रविवारी दादा, वहिनी, त्यांचा अर्णव आणि आई असे उरणच्या समुद्रावर निघाले. हमरस्ता सरळ समोर दिसतोय. पण बाई म्हणाली डावीकडे. आई मागून म्हणाली, "अरे, हा मिठागरांचा रस्ता दिसतोय." दादा म्हणाला, "आई, तिला ट्रॅफिक दिसतं गं, आपल्याला नाही." बाई म्हणाली उजवीकडे. रस्ता बारीक झाला, मग मातीचा झाला, मग दोन घरांच्या मधून एका मांडवात शिरला आणि संपला! समोर स्पीकरची भिंत, हळदीने पिवळा झालेला नवरामुलगा, आणि आख्खं गाव नाचतंय! आणि मोबाइलमधली बाई काय म्हणाली? "तुम्ही पोहोचला आहात!"

दादाने रिव्हर्स टाकायच्या आत मागे दोन टेम्पो येऊन लागले. गळ्यात जाडजूड साखळी घातलेले एक आजोबा काचेशी आले. "या, या! तुमी नवरीकडचे का?"

दादाची बोबडी वळली. म्हणाला, "नाही... आम्ही मॅपकडचे."

आजोबांनी मागे वळून कोणालातरी हाक मारली, "अरं, ते मॅपकडचे आलेत! पान मांडा!" मॅप हे कोणत्यातरी गावाचं नाव असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. जेवू घातलं, अर्णवला हळद लावली, वहिनीला नाचायला ओढलं. समुद्र राहिलाच.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. दादाने मांडवातला व्हिडिओ पाठवला, त्यात आई नाचतेय! हात वर करून, गिरक्या घेत! माझी आई! मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. आप्पांना दाखवला तर ते म्हणाले, "ही कोण?"

* * *

आप्पांचं तर विचारूच नका. ज्या माणसाने आम्हाला हॉटेलची पायरी चढू दिली नाही, "हॉटेलात आजारी माणसं खातात," असं सांगून वडाखाली बसवून पुऱ्या-बटाट्याची भाजी खायला लावली, तो माणूस आता गाडीत बसला की विचारतो, "ते चीजवालं कुठे मिळतं?"

मागच्या वर्षी पुण्याला जाताना मी मुद्दाम त्यांच्या आवडीची पुरी-भाजी करून घेतली. फूड मॉलवर थांबलो, डबा उघडला. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ते घरी गेल्यावर खाऊ. इराला म्हणावं माझ्यासाठी मोमो आण. तिखट चटणी जास्त." मोमो! आप्पा! मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी.

आणि न थांबायचा नियम? तो तर पार उलटा झाला! आता वयोमानाप्रमाणे दर अर्ध्या तासाने आप्पांना उतरावं लागतं. पनवेलपासून महाडपर्यंतची प्रत्येक सोय त्यांना पाठ आहे. बरं, गुपचूप जावं की नाही? अर्णवने त्यांना मोबाइलवर रिव्ह्यू लिहायला शिकवलं. एके दिवशी इरा ओरडत आली, "आई, आजोबा फेमस झाले!"

मी वाचलं आणि डोक्याला हात लावला. एका हॉटेलच्या खाली लिहिलं होतं, "स्वच्छता उत्तम. रांगेत शिस्त आहे. शाबास." दुसऱ्याच्या खाली, "कडी लागत नाही. एका हाताने दार धरून उभे राहावे लागले. संबंधितांनी उद्या मला येऊन भेटावे." खाली आप्पांचं पूर्ण नाव, आणि "क्रीडाशिक्षक (निवृत्त)"!

तो हॉटेलवाला खरंच भेटायला आला असता तर? पण सांगायची गोष्ट ही की पुढच्या वेळी आम्ही तिथे थांबलो तेव्हा कडी नवीन होती. आप्पा बाहेर येऊन फक्त मान हलवून म्हणाले, "सुधारणा आहे."

* * *

हसता हसता एक गोष्ट मात्र सांगायची राहतेय. पूर्वी ट्रिप ठरायला एक मिनिट लागायचं. आप्पा शनिवारी जेवताना म्हणायचे, "उद्या पहाटे निघायचं," आणि पहाटे निघायचो. आता आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाव 'चलो'. त्यावर वर्षभर चर्चा होते आणि कोणीही कुठेही चालत नाही! कोणाचा क्लास, कोणाची मॅच, कोणाचं क्लायंटचं प्रेझेंटेशन.

गेल्या दिवाळीनंतर त्या ग्रुपवर आईचा आवाज आला. ती टाइप करत नाही, बटण दाबून बोलते. मी भाजी निवडत ऐकत होते. "अक्काच्या सुनेचा फोन आला होता. अक्का आता माणसं विसरायला लागली आहे. परवा स्वतःच्या मुलाला विचारलंन, तुम्ही कोण? तर मला काय वाटतं, ती मला ओळखतेय तोवर मला एकदा तिला भेटून यायचंय. तुम्हाला जमेल तसं सांगा. ठेवते."

व्हॉट्सॲपवर 'ठेवते' म्हणणारी जगात ती एकटीच असेल.

आणि ग्रुपवर काय आलं? दादाचा अंगठा. माझा नमस्कार. अर्णवचं रडकं तोंड. आणि संध्याकाळी वहिनीने एक लिंक टाकली, कोलाडच्या रिसॉर्टची. नदीकाठी, स्विमिंग पूल, मुलांना राफ्टिंग, जानेवारीच्या लाँग वीकेंडला ऑफर! खाली धडाधड बदाम पडले. त्यात माझाही होता, नाही कशाला म्हणू.

रविवारी सगळे जेवायला जमले तेव्हा आईने आमटी वाढता वाढता विचारलं, "कोलाडला जातोच आहोत, तर पुढे अक्काकडे?"

दादाने मोबाइलवर बोटं फिरवली आणि म्हणाला, "दोनच रात्री आहेत गं आई. म्हसळा वाटेत लागत नाही. येताना जमलं तर बघू."

माझा घास हातात राहिला. तोच सूर, तेच शब्द! मी चमकून आप्पांकडे बघितलं. तर आप्पाही दादाकडेच बघत होते, टक लावून.

आई म्हणाली, "बरं."

* * *

आणि आता जानेवारीतलं. हे आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

दोन गाड्या निघाल्या. पुढे दादाची, त्यात तो, वहिनी, अर्णव. मागे माझी, त्यात मी, इरा आणि माझ्या शेजारी आप्पा. नवरा ऑफिसमुळे आला नव्हता. आई दोन्हीकडे. म्हणजे पनवेलहून माझ्या गाडीत बसली, शिरढोणला अर्णवला आजी पाहिजे झाली म्हणून दादाच्या गाडीत गेली, पेणला इराने हट्ट केला म्हणून परत माझ्याकडे. वडखळला सगळे नाश्त्याला उतरलो. मिसळ खाल्ली, चहा झाला, फोटो झाले. आप्पा आत जाऊन आले आणि म्हणाले, "चला, बसले का सगळे? निघा!"

निघालो.

मला वाटलं, आई दादाच्या गाडीत. दादाला वाटलं, माझ्या. इराच्या कानात ते इअरफोन, जग बुडालं तरी तिला कळायचं नाही.

कोलाडला रिसॉर्टच्या दारात एका मुलीने सगळ्यांना टिळा लावला आणि कोकम सरबताचा ट्रे पुढे केला. सगळ्यांनी एकेक उचलला. ट्रेमध्ये एक ग्लास उरला.

"हा कोणाचा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आईचा. आई, घे ना." आणि दादाच्या गाडीकडे वळले. दादा माझ्या गाडीकडे वळला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"तुझ्या गाडीत ना?"

"तुझ्या ना!"

अहो, माझ्या पायाखालची जमीनच सरकली! माझ्या हातातला ग्लास कधी पडला तेही कळलं नाही. दादाने फोन लावला, तर आईची रिंग माझ्याच गाडीत वाजायला लागली. चार्जिंगला लावलेला तिचा फोन! अर्णव भोकाड पसरून रडायला लागला. आप्पा रिसॉर्टच्या पायरीवर मटकन बसले. "ती बसली नव्हती?" एवढंच परत परत म्हणत होते. "सुमन बसली नव्हती?"

"तुम्हीच म्हणालात ना, बसले सगळे!" मी ओरडले. आप्पांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले आणि त्यांनी खाली मान घातली.

वहिनी आणि अर्णवला तिथे ठेवून मी, दादा, आप्पा आणि इरा माझ्या गाडीतून उलटे वडखळला पळालो. डोळ्यांसमोर नाही नाही ते येत होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, हायवेवर, एकटी, फोन नाही! घाबरली असेल, रस्ता ओलांडायला गेली असेल, चक्कर आली असेल. वाटेत दिसेल त्या प्रत्येक नऊवारी-सहावारीकडे मी बघत होते.

हॉटेलात धावत शिरलो. सकाळच्याच वेटरने आम्हाला ओळखलं. "त्या आजी? त्या कधीच गेल्या की. समोरून श्रीवर्धनची एसटी पकडली, म्हसळ्यावरून जाते ती. मीच बॅग चढवली त्यांची."

"कुठली बॅग?" दादा म्हणाला. "बॅग माझ्या डिकीत आहे!"

"निळी. चेनवाली."

दादाने वहिनीला फोन लावला. तिने डिकी उघडून बघितली. सगळ्यांच्या बॅगा होत्या, आईची निळी नव्हती. दादा तिथल्या बाकड्यावर टेकला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाला, "चहा पिताना तिने माझ्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली होती. शाल काढायची म्हणून. परत आणून पण दिली."

आता बोला! म्हणजे आम्ही रडत-ओरडत वडखळकडे येत होतो तेव्हा आई एसटीच्या खिडकीत बसून आमच्या समोरून गेली असणार!

इराने आजीचा फोन उघडला. तिला तो उघडता येतो. अक्काच्या घरचा नंबर आमच्यापैकी एकाच्याही फोनमध्ये नव्हता, तो फक्त आईच्या फोनमध्ये. मी लावला. बऱ्याच वेळाने एक पिकलेला आवाज आला, "कोण?"

"अक्कामावशी, मी मनी. सुमनची मुलगी. आई पोचली का गं तिकडे?"

"सुमन?" आवाज म्हणाला. "सुमन शाळेत गेलीय. संध्याकाळी येईल. तू कोण?" आणि फोन बंद.

मला रडूच फुटलं. इतक्या लांब, इतक्या वर्षांनी, एकटी चाललीय, आणि जिच्यासाठी चाललीय ती असं बोलतेय! आई दारात उभी राहील आणि ही तिला विचारेल, तुम्ही कोण? हेच, नेमकं हेच तिला नको होतं! दादा म्हणाला, "मने, बाजूला हो, मी चालवतो." मी म्हटलं, "बस गप," आणि स्टार्टर मारला.

कोलाड गेलं, इंदापूर गेलं. आप्पांनी एकदाही गाडी थांबवायला सांगितली नाही. माणगावला फाट्यावर मी जरा हळू केली. सगळ्या वाटेत आप्पा एकच शब्द बोलले. "उजवीकडे."

म्हसळ्यात विचारत विचारत घर सापडलं. मला रस्ता माहीत नव्हता! सख्ख्या मावशीच्या घरचा रस्ता! उन्हं उतरली होती. फाटक ढकललं आणि जागीच थबकले.

ओट्यावर अक्का बसली होती आणि खालच्या पायरीवर, तिच्याकडे पाठ करून, आई. अक्का फणी घेऊन आईचे पांढरे, विरळ केस विंचरत होती. एक वेणी झाली होती, टोकाला लाल रिबीन. दुसरी चालू होती.

"हलू नकोस, सुमे. भांग वाकडा होतो," अक्का म्हणाली.

ओळखलं होतं हो! सुमे म्हणाली ती! माझे डोळे इतके भरून आले की समोरचं दिसेना. आणि त्याच्या मागोमाग इतका संताप आला की विचारू नका. "आई! अगं काय हे! जीव गेला असता ना आमचा!"

आईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. घाबरते ती."

अक्काने मान वर करून आमच्याकडे बघितलं. मी नाही, दादा नाही, तिची नजर आप्पांवर थांबली. "सुमे," ती म्हणाली, "तुझे मास्तर आले. गृहपाठ केलायस ना?"

आप्पा चपला हातात घेऊन अंगणात उभे होते. आख्ख्या शाळेला कापरं भरवणारा माणूस! त्यांनी चपला खाली ठेवल्या. मग म्हणाले, "केलाय हो. सगळा केलाय तिने."

दादाला मात्र राहवेना. तो आईसमोर गुडघ्यांवर बसला. त्याचा आवाज फाटला होता. "पण आई, आम्ही निघालो तेव्हा तू होतीस कुठे?"

"तिथेच. हॉटेलच्या पायरीवर. दोन्ही गाड्या माझ्या समोरूनच गेल्या की. मी हातसुद्धा केला."

"आई गं!" दादाने कपाळ बडवून घेतलं. "तू थांबवत होतीस आणि आम्ही बघितलंसुद्धा नाही!"

"थांबवत कुठे होते?" आई म्हणाली. अक्काने हनुवटीला धरून तिची मान सरळ केली. "टाटा करत होते."